तोंडातला उजेड

(वडवणीचं एसटी स्टँड. दुपार. पुण्याच्या गाडीची वाट बघत दोघं भावंडं बाकड्यावर बसलेत.)

वैजिनाथ : न्हाई म्हणलं ना रोहे. मी न्हाई येत पुण्याला. तू जा माघारी गेवराईला, लेकरं वाट बघत असतील.

रोहिणी : अण्णा, अकरा खेपा झाल्या. नऊच ऱ्हायल्यात.

वैजिनाथ : नऊच! आठ घंटे गाडीत हाडं खिळखिळी करायची. तिथं दवाखान्यात काळा चष्मा लावून आ करून बसायचं. पाच मिनिटं तोंडात ती तांबडी बत्ती, आन् पुन्ना आठ घंटे माघारी. थकलो बाई मी.

रोहिणी : बत्तीनं फरक पडलाय. आधी पाणी गिळताना रडायचास.

वैजिनाथ : आता भात गिळताना रडतो. तुझ्या हाडातला मगज घातला, रक्ताचा कॅन्सर गेला, समदे म्हणले वैजिनाथ वाचला. आन् दीड वरीस झालं, चूळ भरली तरी तोंडात जाळ. ह्याला वाचणं म्हणतेत?

रोहिणी : माझ्यामुळं.

वैजिनाथ : आँ?

रोहिणी : डॉक्टर म्हणले न्हाई का, बहिणीच्या पेशी तुमच्या तोंडाला परकं समजून चावायल्यात.

वैजिनाथ : अगं, ते समजावून सांगायला म्हणले. लई जणांना व्हतं तसं.

रोहिणी : लोकांचं सोड. माझ्यात राग व्हता अण्णा. मरणाचा राग. टेबलावर पालथी झोपवली, कमरेत सुई घातली, तवा बी व्हता. मगजाबरुबर त्यो बी गेला तुझ्यात.

वैजिनाथ : खुळी का काय. राग काय हाडात ऱ्हातो?

रोहिणी : माझा ऱ्हायला. सात वर्सं. डीएडला नंबर लागल्याचं पत्र आलतं माझं. तू दुकानात कापडाच्या ठाणाखाली दडवलंस आन् म्हैन्याच्या आत लगीन लावून दिलंस. पोस्टमननं सांगितलं तवा मला कळलं. हातात हिरवा चुडा व्हता. तुझ्या दुकानात एसटीडीचा फोन. अख्खं नांदूरघाट गाव तिथून बोलतं. तू गेवराईचा नंबर कवा फिरवलास? माझा मगज पायजे झाला तवा.

वैजिनाथ : ...सकाळपासून उपाशी हाईस. ती भजी घे, गरम हायती.

रोहिणी : नको. तिखट असतील.

वैजिनाथ : तुला तिखट नको? कच्च्या मिरच्या चावायचीस की गं.

रोहिणी : सोडलंय.

वैजिनाथ : कवापासून?

रोहिणी : तुझं तोंड आलं तवापासून. मी तिखट खाल्लं की त्या पेशी तिकडं भडकतेत. सासू म्हणती, डोस्कं फिरलंय हिचं. म्हणू दे. रोज सकाळी पूजेला इष्टलिंग तळहातावर घेते आन् त्या पेशींना समजावते. म्हणते, बायांनो, सोडा आता त्याला.

वैजिनाथ : दीड वरीस बिनतिखटाचं खातीस?

रोहिणी : सवय झाली.

वैजिनाथ : रोहे... मला वाटलं, मास्तरीण झालीस तर जोगं स्थळ मिळायचं न्हाई. ...न्हाई, ते बी खोटं. बापू गेलते, बापाच्या जागी समदं माझ्यावर आलतं. मला मोकळं व्हायचं व्हतं. चुकलं माझं. लई चुकलं.

रोहिणी : आता म्हणतोस व्हय.

वैजिनाथ : आता म्हणतो. तू पयलं काहीतरी तिखट खा, माझ्यासाठी असलं काई करू नको. लाज वाटती मला.

रोहिणी : मला वाटलतं, तू एकदा चुकलं म्हणलास की राग जाईल. न्हाई गेला अण्णा.

वैजिनाथ : ऱ्हाऊ दे. खरा हाय त्यो.

रोहिणी : मग पुण्याला चल. माझा राग जाईस्तोवर तुला जगावं लागंल.

वैजिनाथ : लई वर्सं लागतील.

रोहिणी : लागू दे. गाडी आली, ऊठ.