जाड टायरची सायकल

...आणि वर ती काउंटीच्या रस्तेखात्याची बाई भर सभेत म्हणते काय, "रस्ता सुधारलाय, मिस्टर स्टकी." सुधारला? अहो, होतं ते चांगलं डांबर यंत्र लावून उखडलं, वर खडी ओतली, आणि ही म्हणे सुधारणा. तुम्हाला सांगतो, आमच्या कॅन्ससची खडी म्हणजे साधी खडी नव्हे, गारगोटी, एकेक खडा धार लावून ठेवल्यासारखा. डांबराची डागडुजी परवडत नाही म्हणाली, आणि तसंही त्या रस्त्यानं जातं कोण? मी जातो की, बाई. रोज जातो. सायकलनं. तर सगळी सभा माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी उडत जातो म्हणालो. आता बोलायचं कुणाला?

त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, पुढच्या गावात, वृद्धाश्रम आहे, आणि तिथं माझी बायको असते, आर्लीन. विसरते हो ती. आधी चष्मा विसरायची, मग शेगडी बंद करायला, मग एकदा आमचंच घर विसरली आणि शेजाऱ्याच्या कोठारात जाऊन बसली, पर्स मांडीवर घेऊन, जणू बस यायचीय. तेव्हा ठेवली तिला तिथं. ठेवावी लागली. माझा मोटारीचा परवाना म्हणाल तर डोळ्यांपायी गेला. सायकलला परवाना लागत नाही, आणि सायकल माझ्याकडे होती, तरुणपणातली, शर्यतीची, बोटाएवढ्या बारीक टायरची. डांबरावरून नुसती वाहायची. खडीवर पहिल्याच दिवशी दोन्ही टायर फुटले, मी चरात, सायकल माझ्यावर, आणि कुंपणापलीकडून गायी बघतायत. सायकल खांद्यावर घेऊन चालत घरी आलो. आता बोलायचं कुणाला, गायींना?

गेलो डेल्बर्टकडे. हा डेल्बर्ट सायकली दुरुस्त करतो, म्हणजे बोलता बोलता जमलं तर करतो. "व्हर्न, खडीवरची नवी सायकल घे ना." म्हटलं, नवी नको, हिलाच खडीवरची कर. जाड टायर आणला, तर तो चाकाच्या चिमट्यात शिरेना. मग म्हणाला चाकच लहान बसवू. लहान चाक बसवलं, टायर शिरला, तर ब्रेकचं रबर रिमपर्यंत पोचेना. मग लांब हाताचे ब्रेक मागवले, ते यायला पंधरवडा. तोवर याला सुचलं की चढावर तुझे गुडघे जातील, म्हणून पुढचं दातेरी चक्र लहान केलं, तर चेन लोंबायला लागली. चेन कापली, आणि मग म्हणे खडीवर पकड हवी, म्हणून हँडल रुंद... शेवटी विचारलं, अरे, यात माझी सायकल कुठली? म्हणाला, "सांगाडा तुझाच आहे." म्हटलं, माझंही तेवढंच उरलंय.

तेवढ्या दिवसांत चर्चमधलं कुणीतरी रविवारी गाडीनं सोडायचं. आर्लीन माझ्याशी अवाक्षर बोलायची नाही. खिडकीतून रस्त्याकडे बघत बसायची. मला वाटलं रागावलीय, रोज येत नाही म्हणून. म्हणून तर डेल्बर्टच्या डोक्यावर बसून ती सायकल पुरी करून घेतली.

आणि निघालो. तुम्हाला सांगतो, काय चालली... खडी कुरकुरतेय, टायर दबून धक्के घेतायत, वारा समोरून, आणि मी या वयात एकटाच गातोय. पोचलो तर आर्लीन ओसरीवरच. त्या दिवशी जेवायला चिली, म्हणजे आमच्याकडचा खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल होते, मला बाहेरच वास आला. म्हटलं आता म्हणेल, "आलास?" पूर्वी तेच म्हणायची, लांबून सायकल दिसली की.

तिनं सायकल खालपासून वरपर्यंत पाहिली. टायर पाहिले. मग माझ्याकडे बघून, अगदी अदबीनं, "तुम्ही त्याच रस्त्यानं आलात का?"

तुम्ही म्हणाली. सगळा संसार तू-तू म्हणत झाला आमचा.

"माझा नवरा सायकलवर येतो," म्हणाली. "बारीक टायरची असते त्याची. वाटेत दिसला का तुम्हाला?"

म्हणजे माझा चेहरा ती केव्हाच विसरली होती. ओळखत होती ती त्या टायरांना. आणि तेच मी बदलून आलो होतो, भांडून, घाई करून.

आता तुम्ही म्हणाल, मग परत बारीक बसव. अहो, बारीक बसवावं तर पोचत नाही, जाड बसवावं तर ओळखत नाही. बोलायचं कुणाला?

म्हटलं, "दिसला ना. मागून येतोय. खडीवर बारीक टायर जपून चालवावे लागतात त्याला."

"मग बसा ना," म्हणाली, आणि शेजारची खुर्ची सरकवली. "त्याला आवडेल तुम्हाला भेटायला."

तेव्हापासून रोज जातो. बसतो तिच्याशेजारी, चिली खातो, आणि दोघं मिळून माझी वाट बघतो.