जुन्या राजवटीची वही

नाही काका, बसत नाही — बसलो की भांडता येत नाही. आइंडहोवनहून न्यूनेनपर्यंत सायकल हाणत आलोय ते भांडायलाच. चहा? बरं, अर्धा. तर आधी ऐका — आपल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष आता मी आहे. दोन महिन्यांपूर्वी भर सभेत, रीतसर निवडून आलोय. मग हिमानीकडे तुम्ही कसे पोचलात? ती सायकलवरून पडली, मनगट मोडलं, एकटी राहते, मंगळवारी तिने आमचा मदतीचा फॉर्म भरला — आणि शुक्रवारी मी पोचतो तर ओट्यावर काकूंचा खिचडीचा डबा! म्हणते, 'मोरेश्वरकाका परवाच येऊन गेले.' तुमचा नंबर तर आम्ही वेबसाइटवरून काढून टाकलाय — तिला दिला कोणी? हे काय, समांतर सरकार?

हो, त्या सभेत मी तुम्हाला 'आंसियां रेजीम' म्हणालो. शब्द मागे घेणार नाही. पॅरिसला चार वर्षं शिकलो, तिथलाच तो — क्रांतीने उलथून टाकलेली जुनी राजवट. आता इथले डच पेपरवालेसुद्धा पायउतार झालेल्या कुणालाही लावतात. शिवी नाहीये ती! म्हणजे — थोडी आहे. पण बावीस वर्षं एकच अध्यक्ष, सगळा कारभार एका वहीत, कोण नवीन आलं, कोणाला काय हवं, ठाऊक फक्त तुम्हाला — ही राजेशाही नाही तर काय? म्हणून फॉर्म आणला. सगळ्यांना सारखा. भरला की लगेच उत्तर जातं, 'आपली विनंती मिळाली.' तिलाही गेलं. तीनदा गेलं — तिने तीनदा भरला म्हणून. वाचायची पाळी कमिटीतल्या प्रतीकची होती. नाही... माझी होती. मी मंडळाची नवी घटना लिहीत बसलो होतो. हसू नका!

हीच का ती वही? बघू — 'श्रीधर, दमा आहे.' 'सुनीती, बर्फात गाडी चालवायला घाबरते.' 'रुचिर, वय चार. नवीन आलेत. कोणाशी बोलत नाही. तूप-साखर-पोळीची गुंडाळी दिली की येऊन शेजारी बसतो.' — हा तर मी! हे कशाला लिहून ठेवलंत, काका?

वही मी न्यायलाच आलो होतो. जप्त करायला. आता — राहू दे तुमच्याकडेच. शनिवारी हिमानीकडे बरोबर याल? अध्यक्ष मीच हं.

फोन वाजतोय तुमचा. घ्या की. मला का देताय? मी काय बोलू? — हॅलो? हो, मंडळातूनच... नको, फॉर्म राहू दे, तुम्ही सांगा — काका, गप्प बसा जरा, त्या रडताहेत.