एका सेकंदाचं शटर

वडील गेल्यावर त्यांचं श्रवणयंत्र परत द्यायला ती कानाच्या दवाखान्यात आली होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं नंबराची वाट पाहत बसलं होतं. आजोबांच्या मांडीवर रोलचा जुना कॅमेरा होता.

"एका सेकंदावर लावलाय. शटर दर वेळी तेवढाच वेळ उघडं राहतंय का, ऐक. मला काही कळत नाही."

"जन्मभर तुमचंच ऐकतेय. दाबा."

"आता?"

"सारखंच."

"आणि आता?"

"अगदी तस्संच."

"मग बिघाडच नाही. उगाच काढून ठेवले बारके स्क्रूड्रायव्हर. आता घरी जाऊन काय करायचं?"

"थांबा. पुन्हा दाबा बघू. ...हं, हे जरा रेंगाळलं."

"माझं मन राखायला म्हणतेस."

"मग या ताईंना विचारा."

"काय हो ताई, रेंगाळलं?"

तिला प्रत्येक वेळी आवाज एकसारखाच आला होता. आजी खाली मान घालून चष्मा पुसत होत्या.

"हो काका," ती त्यांच्या कानाशी वाकून, वडिलांशी बोलायची तेवढ्या मोठ्याने म्हणाली, "चांगलंच रेंगाळलं."

"बघ! उघडावाच लागणार!"

"अहो, आधी कान दाखवा."