पत्र्याखालची फट

“हंसाला कॉलेजानं काढली, तिनं म्हणे त्या—” एवढंच, बाई, एवढंच कानावर पडलं माझ्या नळावर. नलूचा हंडा भरला, ती चालती झाली. बरं झालं, तिच्या कॉलेजातल्या बाई तुमीच आलात. कुलूप हाय तिच्या दाराला, पालघरला गेलीय, येईल एवढ्यात. घ्या, चहा घ्या. वास येतो काय? बोंबील हायत, सुके. शिरगावची कोळीण मी, ह्याच खोल्यांतनं पाटी फिरवते. बोईसर फलाटावर हिरामावशी कुठं राहते विचारा, कुणीबी दार दाखवील.

खरं सांगा, काढली तिला? शेवटचं वर्ष हो पोरीचं! विश्राम, तिचा बाप, तो तर सुरवातीला म्हणायचा — समाजसेवेला पदवी कशाला, शेजारची हिरा फुकटात करते की! हसू नका, खोटं नाय त्यात. कुणाची सून रुसली, कुणाचं पोर तापलं, मला आधी कळतं. हंसा तरी काय शिकते? घरोघरी बसायचं, ऐकायचं. काय म्हणता? ऐकून ठेवायचं, सांगायचं नाय? — हां, तेवढा फरक असेल.

बायका तिच्याच खोलीवर यायच्या. येणार कुठं दुसरीकडं? ज्याच्या त्याच्या खोलीत रातपाळीचा नवरा झोपलेला, बाईनं बोलायचं कुठं? मग हंसाकडं. आल्या की ही रेडिओ लावायची, मोठ्ठा! मी म्हटलं, बारीक कर गो, डोकं उठतं माझं. केला हो तिनं बारीक, लगेच. गुणाची पोर.

म्हंजे कॉलेजातनं नाय काढली? मग? — ह्या वस्तीतलं काम बंद केलं. आन वर्ष? वर्षाचं तुमी आज ठरवणार. मग अर्धं तरी खरंच की नलूचं! कशापायी पण? — आतली गोष्ट बाहेर फुटली, आता एकबी बाई तिच्यापाशी तोंड उघडत नाय. अगो बाई. कुणाची गोष्ट? नाय सांगत, बरोबर, तुमी सांगायचं नसतं. मैनाबाईचीच असणार.

असं काय बघता? — मला कसं ठाऊक? सगळ्यांना ठाऊक हाय, तिच्या नवऱ्याला, झुंबरला, कंपनीनं घरी बसवलंय, तरी रोज डबा घेऊन पाळीच्या गाडीत चढतो, गावच्या माणसांना कळू नये म्हणून — सगळ्यांना म्हंजे — आधी मला. वर बघा. ही भिंत पत्र्याला टेकत नाय. तिकडं फोडणी दिली की इकडं ठसका. मी काय कान लावून नव्हते बसले, बाई, मी बोंबील निवडत होते. मैनाबाई हंसापाशी रडत होती, पोरांना नुसत्या भाकरीवर भागवते म्हणाली. माझा जीव तुटला. दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली तर चौघीजणी होत्या, मी तिच्या पदरात दोन ओंजळी जास्तीचे टाकले, म्हटलं, ठेव गो, झुंबरचं काम सुटलंय ना. मायेनं म्हटलं! ती पांढरीफटक पडली. पदर झटकला नि सगळे बोंबील खाली. मला वाटलं, काय माज म्हणायचा हा! चार दारं सांगत फिरले तिचा माज.

हंसानं काय सांगितलं तुमाला? ‘चूक माझी’? एवढंच? माझं नाव नाय घेतलं? — एकदाबी नाय?

परवा तिनं वरच्या फटीत गोणपाट कोंबलं, ते बघा, दिसतंय. मी विचारलं, काय गो, कशाला? तर म्हणाली, उंदीर येतात, मावशी. आन मी — मी तिला पिंजरा नेऊन दिला, बाई. तिनं घेतला. थँक्यू म्हणाली.

तुमी पोरीचं वर्ष घालवू नका. माझं नाव लिहा. मैनाबाईकडं मी जाते, चौघींसमोर बोलले तशी चौघींसमोरच माफी — नाय. नाय नाय, परत तिचंच उघडं पडेल. एकटीला गाठीन. पाटी न घेता.

कुलूप वाजलं. आली ती. जा तुमी, जा, कप राहू द्या. आन हळू बोला हां तिच्याशी, त्या गोणपाटानं काय होत नाय, इकडं सगळं ऐकू—