तात्या आणि इंकांचं शहर

शेळगावच्या आमच्या तात्यांना कुठं घेऊन जायची सोय न्हाय. चुलते माझे, निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. नव्वदच्या दशकात मी नोकरीला पेरू देशात होतो. तेव्हा त्यांना बोलावून घेतलं आणि इंका लोकांचं जुनं शहर दाखवायला, पाठीवर सॅक अडकवून, पायाला फोड येईस्तोवर डोंगरातनं चालवलं.

शहराच्या तोंडाशी लामा चारणारा गडी भेटला. लामा म्हणजे उंटाच्या तोंडाची मेंढरंच. त्यानं तात्यांना हातानं काहीतरी खुणावलं.

"तू हो पुढं, मी आलोच," तात्या म्हणाले.

सगळं बघून मी परत आलो, तर तात्या काठीवर हनुवटी टेकवून लामांच्या कळपात उभे.

"तात्या, शहर बघायचं राहिलं की."

"गडी जेवाय गेलाय. जनावरं कुणी राखायची?"

"अहो, पण शहर?"

"शहर हाय तितंच ऱ्हातंय. जनावरं ऱ्हात्यात व्हय?"