चित्रातल्या बाईचा पदर

हसू नका, आधी ऐका. आमची सून देवणीला घरीच बसून मोबाईलवर बी.ए.चा शेवटचा पेपर देत होती. मी पाणी प्यायला आत गेलो. सासरा दिसला म्हणून तिनं पदर पुढं ओढला, तर मोबाईल म्हणाला, चेहरा लपवला, पेपर बंद! बिचारी रडायलाच लागली.

तिला घेऊन लातूरला तिच्या कॉलेजातल्या सरांकडं गेलो.

सर म्हणाले, "मामा, खेड्यातली संस्कृती अभ्यासून ही परीक्षेची सिस्टीम बनवलीय. बघा, मोबाईलवर पहिल्याच पानावर डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र आहे."

"मंग हिचा पेपर का बंद केला?"

"परत देता येईल. पण तेव्हा तुम्ही घरात थांबायचं नाही."

"बसतो की ओट्यावर," म्हणलं. "चित्रातल्या बाईला सासरा न्हाई वाटतं!"