काट्याची घरभर वरात

वजन कमी करणं एक वेळ सोपं आहे रे, काट्याला एका आकड्यावर टिकवणं अवघड.

परदेशात शिकून, आपल्याच शहराच्या कामी यावं म्हणून मी नागपूरला परतलो. सदर भागात एकटाच राहतो. काटा बाथरूममध्ये ऐंशी दाखवायचा, हॉलमध्ये अठ्ठ्याहत्तर. खरं काय ते बघायला रविवारी तो घरभर सरकवत होतो, तेवढ्यात बेल वाजली. खालच्या काकू ताटभर सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, घेऊन उभ्या.

"पाहुणे कुठं आहेत गा?"

"कोण पाहुणे? काटा सरकवत होतो, काकू. हॉलमध्ये दोन किलो कमी भरतो."

"मंग हॉलमध्येच राह्य ना! मले वाटलं, खुर्च्या सरकून राहिल्या. म्हटलं, पोराकडे शेवटी कोणीतरी आलं."

मी ताट घेतलं. म्हटलं, "आलं ना, काकू. बसा."